‘मिटवून टाकू’ म्हणणारी श्रीमंती : ‘शैतान’ चित्रपटाच्या निमित्ताने

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा येथील व्यापारी घरांत बॅगा भरल्या जाऊ लागतात. कुणी पुण्याला निघतो, कुणी मुंबईला, कुणी नागपूरला. धामणगावच्या फलाटावर किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सपाशी आई खाकऱ्यांचा डबा हाती देते, वडील खात्यात पैसे टाकल्याचे सांगतात. पुढे रोज फोन होतो. मेसमध्ये कांदा-लसणाविना भाजी मिळते का, चौविहार जमतो का, मंदिर जवळ आहे का, हे सारे विचारले जाते. रात्री खोलीवर परतायला किती वाजतात, हे विचारायचे मात्र बहुधा राहून जाते.

अशा घरांतील वडीलधाऱ्यांनी एकदा तरी पाहावा असा एक हिंदी चित्रपट आहे. बिजॉय नांबियार यांनी दिग्दर्शित केलेला आणि अनुराग कश्यप यांच्या निर्मितीतला ‘शैतान’ १० जून २०११ रोजी प्रदर्शित झाला. त्याला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे. त्यातील हिंसा आणि शिवराळ भाषा पाहता मुलाबाळांसह बसून तो पाहता येणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण पालकांनी तो टाळू नये.

कथा मुंबईतील पाच तरुण मित्रमैत्रिणींची. एमी ही अमेरिकेतून मुंबईत आलेली, आईच्या आठवणींनी पछाडलेली मुलगी. ही भूमिका कल्की केकलाँ यांनी केली आहे. मोठी घरे, मोठ्या गाड्या आणि भरपूर पैसा पाहिलेल्या या टोळक्यात ती सामील होते. दिवस रिकामे, रात्री नशेच्या. अशाच एका रात्री त्यांची अवाढव्य गाडी एका स्कूटरला धडकते आणि स्कूटरवरील दोन्ही माणसे मरतात. मुले थांबत नाहीत. पोलीस अधिकारी त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो न्यायासाठी नव्हे. प्रकरण दाबण्याचे तो २५ लाख रुपये मागतो. एवढी रक्कम घरी मागायची कशी? मग एमीच्याच अपहरणाचे नाटक रचून तिच्या वडिलांकडून खंडणी उकळण्याचे ठरते. पुढे एक लपवण्यासाठी दुसरे, दुसरे लपवण्यासाठी तिसरे, असे होत होत जिवाला जीव देणारे मित्र एकमेकांवर उठतात.

चित्रपटात दोष आहेत. दृश्यांची चमकदमक कधी कधी विषयावर मात करते आणि नशेचा झगमगाट नको तितका आकर्षक दिसतो. तरी त्याची मध्यवर्ती जाण अचूक आहे. या मुलांचा घात अमली पदार्थांनी निम्माच केला आहे. उरलेला घात ‘पैसे देऊन मिटेल’ या खात्रीने केला आहे, आणि ही खात्री त्यांनी बाजारातून आणलेली नाही. ती त्यांना घरातच मिळालेली आहे. अपघातानंतर पाचांपैकी एकालाही आपल्या वडिलांपुढे जाऊन खरे सांगावेसे वाटत नाही. संपूर्ण चित्रपटातील सर्वांत भयंकर गोष्ट हीच म्हणावी लागेल.

कथानक अतिरंजित वाटावे असेच आहे. पण तेरा वर्षांनी, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरात जे घडले त्याचा आरंभ जवळजवळ याच दृश्याने झाला. पबमधून बाहेर पडलेला, बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करणारा १७ वर्षांचा मुलगा, महागडी पोर्श गाडी, आणि दुचाकीवरील २४ वर्षांचे दोन अभियंते जागीच मृत. बाल न्याय मंडळाने काही तासांतच जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा देशभर संताप उसळला. पुढे याहून गंभीर बाब समोर आली. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून त्या जागी आईचे रक्त ठेवले गेले, असा आरोप पोलिसांनी केला. वडील, आजोबा, आई, सरकारी रुग्णालयाचे दोन डॉक्टर यांना अटक झाली. तेथे प्रश्न मद्याचा होता. दोष कुणाचा किती, हे न्यायालय ठरवील. परंतु चित्रपटात जी धडपड मुले करतात, ती येथे वडीलधाऱ्यांनी केल्याचा आरोप आहे, एवढे नोंदवावेच लागते.

आता मद्याबरोबर वेगळेच काही बाजारात आले आहे. ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन शेतात पिकत नाही. रसायनांच्या कारखान्यात तयार होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा पडला, तेव्हा ते शेकडो किलो सापडले. पाठशाळेत सप्तव्यसने पाठ केलेल्या मुलाला मद्य ओळखता येते. पांढरी पूड त्याला त्या यादीत दिसत नाही. तिला दारूसारखा वास नसतो, ती घेतल्यावर चालताना झोक जात नाही, आणि देणारा ‘परीक्षेच्या रात्री जागायला बरी’ म्हणूनही देऊ शकतो. घरी आलेल्या मुलाजवळ आईला काहीच जाणवत नाही. झोप उडालेली, भूक मेलेली, चिडचिड वाढलेली. पण हे सारे अभ्यासाच्या ताणावर ढकलता येते.

रोकडवहीत दहा रुपयांची चूक राहिली तरी दुकान न वाढवणारे वडील मुलाच्या मोबाईलवरून एकाच व्यक्तीला वारंवार जाणाऱ्या पाचशे-हजाराच्या रकमा सहसा पाहत नाहीत. पाहिल्या तरी विचारायला संकोच वाटतो. व्यापाऱ्याचे सारे भांडवल म्हणजे त्याची पत. मुलाचे नाव अशा गोष्टीत आले तर बाजार काय म्हणेल, सोयरिकी कशा जुळतील, या भीतीने घर गप्प बसते. मग मुलाला पुण्याहून परत आणून दुकानावर बसवले जाते, किंवा त्याचे घाईने लग्न उरकले जाते. आजार तसाच राहतो आणि एक परकी मुलगी त्यात भरडली जाते.

या गप्प बसण्यावर महाराष्ट्रात एक उपाय फार पूर्वी शोधला गेला. १९८०च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, महाविद्यालयीन मुलांपर्यंत पोहोचली, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी त्याला आकार दिला. व्यसन हा आजार आहे, लाज वाटावी असा गुन्हा नव्हे, ही तेथील पहिली शिकवण. उपचार केवळ रुग्णावर होत नाहीत. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो, कुटुंबाला बोलते केले जाते. पैसे देऊन मुलाला ‘आत टाकून’ मोकळे होण्याची सोय तेथे नाही.

कायद्यातही एक दार उघडे आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मेफेड्रोनची दोन ग्रॅमपर्यंतची मात्रा अल्प धरली जाते आणि पन्नास ग्रॅमच्या पुढे व्यापारी, ज्यासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर कलम ६४ (अ) नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार मध्येच सोडले तर तेही जाते. मात्र ‘मित्रांसाठी आणून दिले, पैसे वाटून घेतले’ असे म्हणणारा मुलगा कायद्याच्या नजरेत सेवन करणारा राहत नाही, विकणारा ठरतो. वसतिगृहात निघताना मुलाला ही एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली जावी.

संकट आल्यावर अशा घरातून पहिला फोन ओळखीच्या पुढाऱ्याला किंवा वकिलाला जातो. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची निःशुल्क मदतवाहिनीही आहे. तिचा क्रमांक १४४४६.