पडद्यावर आपला माणूस कसा दिसतो?

मी काही समीक्षक नाही, तिकीट काढून सिनेमा पाहणारा साधा प्रेक्षक. पण एक कसोटी मी नेहमी लावतो. पडद्यावरचा पददलित माणूस मान ताठ ठेवतो का?

१९३६ च्या ‘अछूत कन्या’त देविका राणीची कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते. हेतू चांगला, पण मरणही तिच्याच वाट्याला! बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) नूतनचे काम अप्रतिम आहे. तरीही ज्या घरात ती वाढते तिथे ती ‘मुलगी’ नव्हे, ‘मुलीसारखी’ असते. आईची माया मिळते ती रक्त दिल्यावर. माणूस म्हणवून घ्यायला रक्त का द्यावे लागावे?

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या मात्र हात जोडत नाही, दगड भिरकावतो. तो थेट आपल्या अंगावर येतो. त्यांच्याच ‘सैराट’च्या (२०१६) गाण्यांवर नाचणारे थिएटर शेवटी सुन्न झाले. त्यावरून हिंदीत काढलेला ‘धडक’ (२०१८) मला फिका वाटला. चकचकाट वाढला आणि जातीचा प्रश्न पातळ झाला.

आयाबायांनो, बांधवांनो, मुलांना सिनेमा जरूर दाखवा. पण घरी आल्यावर विचारा, ‘यात सोसले कोणी आणि कशापायी?’ उत्तर देता आले, तर तिकिटाचे पैसे वसूल!