घरच्या कामात त्याचाही वाटा



लागणीच्या नोंदी घेत गटातून फिरताना उसापलीकडचेही पुष्कळ दिसते. गेल्या हंगामात एका वस्तीवर सभासदांना विचारले, आधी कोणता प्लॉट लावला? ते आठवू लागले. ओसरीत बाजेवर त्यांचा आठेक वर्षांचा मुलगा पडून होता. हातपाय ताठ, बोलता येत नाही. तो आवाज करीत सारखा विहिरीकडच्या रानाकडे बघू लागला. आजी म्हणाली, "त्याला काय कळतंय, साहेब!" तेवढ्यात वडीलच म्हणाले, "खरंच की, विहिरीकडचंच आधी लावलं!" नोंद पोराने सांगितली तशी झाली.

या दुखण्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्माआधी, बाळंतपणात किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत मेंदूला इजा झाली की स्नायूंवर ताबा राहत नाही. हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांना हे होते. हा रोग लागत नाही, कुणाच्या पापाचे फळ नाही. मेंदूची इजा वाढत नाही, पण मूल नुसते पडून राहिले तर स्नायू आखडत जातात. काहींची समज कमी असते, कित्येकांची चांगली असते. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे नव्हे.

आपण मायेपोटी सारे त्याच्यासाठी करतो. भरवतो, कपडे घालतो, उचलून नेतो. त्यात माया खरी, पण मूल घरात असून घरच्या व्यवहारात नसते. व्यायाम हवाच, पण रोजच्या कामात वाटा मिळाला तर हात वळतो आणि मनही फुलते.

करायचे काय? पाठीला टेकण आणि पावलांना आधार मिळेल अशी खुर्ची गावच्या सुताराकडून करून घ्या. माप फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. आडवे ठेवून भरवू नका, घास श्वासनळीत जाण्याची भीती असते. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा, ताटलीखाली ओले फडके ठेवा, म्हणजे ती सरकत नाही. सदरा घालताना जास्त आखडलेला हात आधी घाला, काढताना शेवटी काढा. दोन सदरे पुढे धरून "कोणता?" असे विचारा. उत्तर नजरेने येईल. वेळ लागतो, तो द्या. जत्रेला, लग्नाला, शाळेत न्या.

मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली अशा मुलांसाठी संस्था काढली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांना हेच दुखणे. त्यांनी एका बोटाने टाइप करून पुस्तक लिहिले. सगळीच मुले पुस्तक लिहिणार नाहीत, पण प्रत्येकाला काही ना काही जमते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे दुखणे येते. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी दाखला काढून ठेवा.

पुढल्या खेपेस त्या वस्तीवर गेलो, तेव्हा पोरगा खुर्चीत बसून कोंबड्यांना दाणे टाकत होता. आजी म्हणाली, "निम्मं अंगावरच सांडतंय, साहेब. पण आता माझ्या हातचं कोंबड्या खाईनात!"

आपल्या घरी, भावकीत असे लेकरू असेल, तर उद्या सकाळीच त्याला एखादे काम नेमून द्या. आणि ते दुसऱ्या कुणाला करू देऊ नका.

— ऊस विकास अधिकारी