संथ पाणी आणि समुद्रातली साखळी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या खाडीकाठच्या बायकांना भरती-ओहोटी काही नवी नाही. कल्याणला दुर्गाडीच्या पुलाखाली ओहोटीचं पाणी जोरात वाहत असेल तेव्हा बघा. खांबामागे भोवरे उठतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. खांब जमिनीत रोवलेला, म्हणून हलत नाही. तोच तरंगता असता तर?

खोल समुद्रात तेल काढण्यासाठी असे तरंगते तळ असतात. ते साखळ्यांनी समुद्राच्या तळाशी बांधलेले असतात. प्रत्येक भोवरा सुटताना त्यांना बाजूला ओढतो. तळ 20 मीटर रुंदीचा गोल असेल आणि प्रवाह सेकंदाला 1 मीटर, तर डाव्या-उजव्या ओढीचा एक फेरा साधारण 100 सेकंदांचा होतो. तळाची डोलण्याची लयही तेवढीच असली, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिल्यासारखं होतं. डोलणं वाढत जातं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना? साखळीची कडीही तशीच थकते, तीही वादळाशिवाय.

हे आधी कळावं म्हणून संगणकावर हिशोब करतात. पाण्याचे लाखो बारीक तुकडे मानायचे. प्रत्येकातला वेग आणि दाब काढायचा. त्या दाबाने तळ किती सरकला ते बघायचं. तळ सरकला की पाण्याची वाट बदलते, म्हणून पुन्हा हिशोब. असं हजारो वेळा. शिवाय छोटा नमुना करून पाण्याच्या टाकीत पडताळतात. पण नमुना लहान केला तरी पाणी तेच राहतं, त्यामुळे टाकीतले भोवरे हुबेहूब समुद्रासारखे नसतात. म्हणून दोन्ही लागतात. उपायही त्यातूनच ठरतो. गोल तळाभोवती स्क्रूच्या आट्यांसारख्या पट्ट्या बसवतात, म्हणजे भोवऱ्यांची लय मोडते.

मुंबईच्या समुद्रात 1974 मध्ये तेल सापडलं. तेव्हापासून तिथे माणसं कामाला जातात. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात पी-305 या बार्जचे नांगर सुटले. बार्ज भरकटला आणि बुडाला. त्यावर 261 माणसं होती. कित्येक परतली नाहीत. तिथे घात वाऱ्या-लाटांनी केला, संथ प्रवाहाने नव्हे. पण जीव टांगलेला होता तो साखळीवरच.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. घरचं माणूस समुद्रावरच्या कामाला निघालं, तर पगाराबरोबर दोन गोष्टी विचारायला लावा. साखळ्या कधी तपासल्या? आणि वादळाचा इशारा आला, तर किनाऱ्यावर कधी आणणार?