बॅटरी बदलण्याआधी गळती शोधा
घोडे व जनावरे वाहणाऱ्या लॉरीसाठी काही सूचना



मार्गशीर्ष लागला की घोडेबाजाराचे दिवस येतात. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा भरते. त्यानंतर पंधरवड्याने, अमावास्येच्या सुमारास, नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची. घोडे चढवून एकच लॉरी दोन्ही बाजार गाठते. एरवी हीच गाडी बैल, शेळ्या घेऊन हिरापूर, नेकनूरच्या बाजाराला फिरते.

यात्रेत गाडी आठ-दहा दिवस एका जागी उभी राहते. परतीच्या दिवशी घोडे चढवले, फाळका लावला, सेल्फ मारला, तर नुसतंच टक् टक्! हौद्यात उभा घोडा बिचकतो, टापा आपटतो, पाय मोडून घेतो. रात्री रस्त्यात मागचे दिवे गेले तर मागून येणाऱ्याला गाडी दिसतच नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट नवी बॅटरी घेतात. महिन्याभरात तीही बसते, कारण खरा दोष गाडीतच राहिलेला असतो. म्हणून खर्च करण्याआधी पुढील क्रमाने तपासणी करा. एक साधा मल्टीमीटर पुरतो.

१) बॅटरी मोजा

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सेल्फ मारण्याआधी मोजा. १२ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा दिसतो. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. ट्रकमध्ये १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथं दोन्ही वेगवेगळ्या मोजा.

शंका असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करा, केबल काढून एक-दोन दिवस तशीच ठेवा आणि परत मोजा. नुसती ठेवूनही उतरली तर बॅटरी गेली. टिकली, पण गाडीत लावल्यावर उतरते, तर दोष गाडीत आहे.

२) डायनामो भरतो का?

इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४, तर २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २७.६ ते २८.८ हवे. कमी असेल तर आधी पट्टा ढिला आहे का, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का ते बघा. जास्त असेल तर कटआउट बिघडला. पाणी उकळून बॅटरी लवकर मरते.

३) बंद गाडीत वीज कुठं जाते?

चावी बंद, दारं बंद. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मल्टीमीटर १० अँपिअरवर ठेवून केबल आणि बॅटरीच्या मधे लावा. मीटर लावलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. अर्धा तास थांबून ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर गळती आहे. आता एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनीत दोष. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर डायनामोची जाड वायर सोडवून बघा. आतला डायोड गेला की तिथून वीज परत वाहते.

गळती किरकोळ वाटते, पण हिशोब करा. ०.३ अँपिअर म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-अवर. दहा दिवसांत ७२! ८० ची बॅटरी यात्रेतच संपली. हौद्यातला ५ वॅटचा एक बल्ब रात्रंदिवस राहिला तर याहून जास्त खातो. डिसेंबरच्या थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो तो वेगळाच.

४) एका बॅटरीवरून टेप नको

२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये टेप, मोबाइल चार्जर, हौद्यातले दिवे दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेण्याची सवय आहे. त्यामुळे ती बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त भरून खराब होते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

५) मूत्र आणि अर्थिंग

जनावरांच्या गाडीचा हा खास आजार. मूत्र आणि धुण्याचं पाणी फळ्यांतून खाली गळतं, चेसिसवरची अर्थिंगची वायर आणि मागच्या दिव्यांचे जोड खातं. दिवे मंद, ब्रेक दाबला की इंडिकेटरही लुकलुकतो, ही त्याची खूण. जोड घासून चकाकते करा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. वायर फळ्यांखाली उघडी न ठेवता पाइपातून न्या. हौद्यातली वायर घोड्याच्या दातापासून, पायापासून दूर हवी.

फ्यूज उडाला तर त्याच्या जागी तार किंवा चांदी घालू नका. हौद्यात वाळलेलं गवत असतं आणि जनावरं बांधलेली असतात. ठिणगी पडली तर सोडवायला वेळ मिळत नाही.

६) वाटेत बंद पडली तर

जनावरं हौद्यात असताना धक्का मारून किंवा ओढून गाडी चालू करू नका. झटक्याने ती पडतात. सुरक्षित जागी उतरवून मगच करा. दुसऱ्या गाडीवरून वायर जोडताना दोन्ही गाड्यांचे व्होल्टेज सारखे आहे का ते बघा. शेवटचा निगेटिव्ह चिमटा बॅटरीला न लावता इंजिनाच्या लोखंडाला लावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी नको.

यात्रेत गाडी लावली की निगेटिव्ह केबल काढून ठेवा किंवा कट-ऑफ स्विच बसवा. निघण्याच्या आदल्या दिवशी इंजिन चालवून बघा. दिवे तपासा, मगच जनावर चढवा.

सरपंच, ग्रामसेवक आणि बाजार समितीच्या मंडळींनाही विनंती. तळावर गाड्यांसाठी उजेडाची आणि बॅटरी चार्जिंगची सोय केली तर ट्रकच्या बॅटरीवर रात्री काढाव्या लागणार नाहीत. बाजार सुटताना पशुवैद्यकीय दाखला बघतो, तसे मागचे दिवेही बघावेत. त्याला एक मिनिट लागतं.