डोकेदुखी थांबत नाही? बुरशीचीही तपासणी करून घ्या

तारापूर एमआयडीसीत पाळी करून आलेल्या माणसाचे डोके दुखले की दोष केमिकलच्या वासाला दिला जातो. मेडिकलमधून गोळी आणली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काम. पण डोकेदुखी दोन-तीन आठवडे टिकली, सोबत ताप, उलट्या, अंधुक दिसणे सुरू झाले किंवा माणूस भलतेच बोलू लागला, तर तो मेंदूज्वर असू शकतो.

अशा वेळी डॉक्टरांना आधी टीबीची शंका येते, आणि ते योग्यच आहे. मात्र ‘क्रिप्टोकोकस’ नावाची बुरशीही हुबेहूब असाच आजार करते. ती मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते, श्वासातून शरीरात जाते. एका माणसाकडून दुसऱ्याला ती लागत नाही. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांना तिचा धोका सर्वाधिक. दीर्घकाळ स्टेरॉईड घेणाऱ्यांनाही असतो.

मणक्यातले पाणी तपासले तरी दोन्ही आजारांत पेशी वाढलेल्या आणि साखर कमी दिसू शकते. फरक कळतो तो त्याच पाण्याच्या ‘क्रॅग’ तपासणीने. टीबीची औषधे या बुरशीवर चालत नाहीत. तिला अ‍ॅम्फोटेरिसिन, फ्लुकोनॅझोल अशी वेगळी औषधे लागतात. उशीर झाला तर दृष्टी जाते, जीवही जातो.

2021 मध्ये कोरोनानंतर महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला. ती बुरशी वेगळी, पण फसवणूक तशीच. गाल दुखणे, दात हलणे, नाक चोंदणे यांना सायनस किंवा दाढदुखी समजले गेले आणि बुरशी नाकातून डोळ्यात, मेंदूत पोहोचली. तिचे बहुतेक रुग्ण मधुमेही होते. बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते. आपल्या घरांतही हा आजार आहे. साखर ताब्यात ठेवा.

बंधू-भगिनींनो, मणक्यातले पाणी काढल्याने लकवा होतो, ही भीती मनातून काढा. टीबीचे उपचार घेऊनही डोकेदुखी वाढत असेल, तर डॉक्टरांना विचारा : “बुरशीची तपासणी झाली का?” एचआयव्ही तपासणीला लाजू नका. एआरटी केंद्रात सीडी-4 100 पेक्षा कमी निघाले, तर रक्ताच्या ‘क्रॅग’ तपासणीविषयी विचारा. सर्व रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा; मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जावे लागले तर ते उपयोगी पडतील.

वागणे बदलले म्हणून माणसाला भगताकडे नेऊ नका. तथागतांनी कारण शोधायला शिकवले. आजाराचेही कारण शोधा. विहारात वंदनेनंतर ही माहिती शेजाऱ्यांनाही सांगा.