अनेसिमाची उचल

मंगळवारी ताडोबा बंद असतं. मोहर्लीच्या गेटवर जिप्सींची रांग नसते, गाइडांना सुट्टी असते, आणि म्हणून तिथल्या एका घराच्या पडवीतला शास्त्राभ्यासही मंगळवारीच भरतो. रविवारी गावात पर्यटकांची झुंबड, उपासनेलासुद्धा सवड काढावी लागते. मी गेलो तेव्हा ‘फिलेमोनाला पत्र’ चाललं होतं. बायबलच्या नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांतलं हे सर्वांत लहान, अवघ्या 25 वचनांचं.

बैठक चालवतात एक निवृत्त शिक्षक, सगळ्यांचे गुरुजी. त्यांची पहिली अट अशी की पत्र एका दमात, मोठ्याने वाचायचं. मध्ये प्रवचन नाही. एक वचन उचलून त्यावर तासभर बोलायची आपल्याकडे फार खोड. एका बाईंकडे पंडिता रमाबाईंचं भाषांतर होतं. रमाबाईंनी मूळ ग्रीक-हिब्रूवरून केलेलं संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून निघालं. दुसरं वाचन त्यातून झालं. मग वहीत दोन रकाने आखले: पत्रात लिहिलेलं काय, आणि आपण धरून चाललोय ते काय.

दुसरा रकाना भराभर भरला. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम, चोरी करून पळाला, रोमला गेला, तिथे कैदेतल्या पौलाला भेटून ख्रिस्ती झाला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. एका तरुण गाइडाने बोट ठेवून पत्र पुन्हा वाचून काढलं. “पण गुरुजी, पळून गेला असं लिहिलं कुठं आहे जी?”

कुठेच नाही. चोरी नाही, रोमही नाही. पौल बंदिवान आहे एवढं नक्की, पण ती कैद इफिसमधलीही असू शकेल, कारण फिलेमोनाचं गाव मानलं जाणारं कलस्सै तिथून जवळ. कलस्सैचं नावसुद्धा या पत्रात नाही. ते कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातून आणायचं, कारण अनेसिम त्यांच्यातलाच आहे असं तिथे सांगितलंय. मालकाशी बिनसल्यावर मध्यस्थ म्हणून तो मुद्दाम पौलाकडे गेला असावा, असंही काही अभ्यासक मानतात. वहीतल्या पहिल्या रकान्यात बराच वेळ चार ओळींपलीकडे काही गेलं नाही.

मग पत्र कोणाकोणाला आहे ते पाहिलं. फिलेमोनाबरोबर अप्फिया, अर्खिप्प आणि त्या घरात जमणारी मंडळीही आहे. नमस्कार ‘तुम्हा’ सर्वांना, अनेसिमाला परत घे ही विनंती एकट्या ‘तुला’, निरोप घेताना पुन्हा ‘तुम्ही’. म्हणजे मालकाकडे केलेली रदबदली चारचौघांत वाचली जाणार. आज्ञा करू शकतो पण करत नाही, असं पौल म्हणतो, आणि भर मंडळीत नाही म्हणायला फिलेमोनाला जागाच ठेवत नाही. मी ‘कावेबाज’ म्हणालो. गुरुजींना तो शब्द रुचला नाही.

अठराव्या वचनाशी बैठक थबकली. याचं काही देणं असलं तर ते माझ्या खाती मांड, असं पौल सांगतो, आणि तेवढी हमी स्वतःच्या हाताने लिहितो. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, “उचल घेतली असन.” त्यांचे वडील सालगडी. गुढीपाडव्याला साल ठरायचं, उचल हातात पडायची, आणि ती फिटेपर्यंत मालकाचा वाडा सुटायचा नाही. मधेच कोणी निघून गेला तर गावातल्या कोणालातरी त्याच्यासाठी शब्द टाकावा लागे. “हिशोबाचं आधी बोला लागते. त्याच्याबिगर मालक पुढचं आयकतच नाही.”

गुरुजींनी लगेच आवर घातला. सालगडी कितीही अडकला तरी साल त्याच्याशी ठरायचं. रोमन कायद्यात गुलाम ही मालमत्ता, त्याच्याशी काही ठरवायचा प्रश्नच नव्हता. पण आजोबांची हिशोबाची गोष्ट पहिल्या रकान्यात गेली, आणि मला वाटतं, योग्य जागी गेली.

गुरुजींनी सोबत आणखी एक रोमन पत्र आणलं होतं, पौलानंतर चाळीसेक वर्षांनी धाकट्या प्लिनीने साबिनियानुस या मित्राला धाडलेलं. तिथेही मालकाचा राग ओढवून घेतलेला माणूस आहे, एक मुक्त केलेला गुलाम. प्लिनी सांगतो की तो रडला, खरोखर पस्तावला, मीही त्याला चांगलं खडसावलं, आता क्षमा कर. पौलाच्या पत्रात अनेसिमाचं रडणं नाही की पश्चात्ताप नाही. मला घरात घेशील तसा त्याला घे, भाऊ म्हणून घे, एवढंच.

‘मुक्त कर’ असं मात्र पौल उघड म्हणत नाही, आणि या मोकळ्या जागेत पुढे लोकांनी काय काय भरलं! अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही हेच पत्र पुढे करत. जॉर्जियात 1833 साली चार्ल्स कोलकॉक जोन्स या पाळकाने गुलामांपुढे याच पत्राच्या आधारे पळून न जाण्याचा उपदेश केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. ही हकिगत त्यानेच लिहून ठेवली आहे.

शेवटी पौल स्वतःसाठी उतरायची खोली तयार ठेवायला सांगतो. “म्हणजे येऊन पाहणार,” आजोबा म्हणाले. पौल गेला का, फिलेमोनाने काय केलं, हे पत्रावरून समजत नाही. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इग्नाटियस या ख्रिस्ती पुढाऱ्याने इफिसच्या अनेसिम नावाच्या बिशपाचा उल्लेख केलाय. तो हाच असं मानायचा मोह मोठा, पण हे नाव गुलामांमध्ये सर्रास असायचं. गुरुजींनी त्याला दुसऱ्या रकान्यात टाकलं. दोघा-तिघांनी त्याला आधीच पहिल्या रकान्यात लिहून टाकलं होतं, आणि ते काही खोडायला तयार नव्हते.