कचेरीबाहेरची सतरंजी

साताऱ्याला 1880 च्या सुमारास कचेरीबाहेर बसणाऱ्या एका अर्जनवीसाचा हा दिवस. माणूस मी कल्पिलेला आहे, कायदे खरे आहेत.

सकाळी 7. स्नानसंध्या उरकली की तात्या बोरू तासायला बसतात. मोडी भराभर लिहायची तर टोक नीट तासलेले हवे. शाई घरचीच, काजळाची.

9. लिंबाखाली सतरंजी पडते. पक्षकार आधीच येऊन बसलेले असतात. कचेरी उघडायला वेळ असतो, पण गाऱ्हाण्याला कुठे दम धरवतो?

10. पाटणकडची एक विधवा. नवऱ्याला छत्रपतींच्या वेळेपासून सालिना रोख नेमणूक होती, ती तो गेल्यावर बंद झाली. "तात्या, पोरं उपाशी हायती एवढं लिवा." तात्या विचारतात, "बाई, सनद आणलीत का?" फडक्यातून कागद निघतो. तात्या तो दोनदा वाचतात. शोधतात एकच शब्द: नेमणूक वंशपरंपरेने की हयातीपुरती? साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले आणि त्यानंतर अशा एकेका शब्दावर घरे तरली, बुडाली. वाळवीने नेमकी तीच ओळ खाल्लेली असते.

मग दिवाणी दावा का लावायचा नाही? 1871 च्या पेन्शन कायद्यामुळे. पेन्शन किंवा रोख नेमणूक, मग ती इंग्रजांनी दिलेली असो की आधीच्या राजवटीने, तिच्याबद्दलचा दावा कलेक्टरच्या दाखल्याशिवाय दिवाणी कोर्ट ऐकत नाही. म्हणजे जो नाकारणार त्याच्याच दारात जायचे. अर्जातल्या 'मायबाप सरकार', 'गरीब परवर' या शब्दांना आपण आज हसतो. मला ते लाचारीचे वाटत नाहीत. हक्क सांगायला जागाच ठेवली नव्हती, तिथे दुसरी भाषा कुठून आणायची? तात्या उपाशी पोरांना शेवटच्या ओळीत ठेवतात. वर सनदेचे साल, शिक्का आणि आजवरच्या वहिवाटीचा दाखला.

12. भाऊबंदांचे दोन गट. बेंदराला कोणाचा बैल पुढे? बैल निमित्त, खरा वाद पाटीलकीच्या तक्षिमेचा. 1874 च्या वतन कायद्याने काम करणारा प्रतिनिधी वतनदार सरकार ठरवू लागले, तेव्हापासून बैलाच्या जागेलाही पुराव्याचे मोल आले आहे. तात्या एकाच गटाचा अर्ज घेतात. दुसऱ्याला पलीकडच्या सतरंजीकडे पाठवतात. तिथे मेहुणा बसतो.

2. दशमी, पाणी, पान. या वेळी रंगो बापूजींची गोष्ट निघाल्याशिवाय राहत नाही. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला ते लंडनला गेले आणि चौदा वर्षे तिथे खेटे घालून 1853 मध्ये रिकाम्या हाती परतले. पेशव्यांचे तसेच. दुसरे बाजीराव 1851 मध्ये वारले, सालिना 8 लाखांचे पेन्शन थांबले आणि नानासाहेबांचे वकील अजीमुल्ला खान विलायतेहून हात हलवत आले. "आपण तर एक आण्याचा स्टँप लावणारे," तात्या म्हणतात. मग पान थुंकून पुढचा कागद ओढतात.

3. आत शिरस्तेदारांकडे फेरी. दोन अर्ज परत, कारण सही योग्य जागी नाही. तिसऱ्यावर शेरा: नामंजूर. कारण लिहिलेले नाही.

4. एक सावकार. पेन्शनवाल्या म्हाताऱ्या शिलेदाराकडे त्याचे दोनशे येणे आहे. "पेन्शनवर जप्ती आणता येईल का?" तात्या मान हलवतात. त्याच 1871 च्या कायद्याने राजकीय पेन्शनला जप्तीतून वगळले आहे, आणि पुढचे हप्ते आधीच लिहून घेतले तर तो करारही रद्द. सावकार अर्ज न लिहिताच उठतो. जाताना खजिन्याच्या शिपायाला एवढेच विचारतो, पुढचा हप्ता कोणत्या तारखेला वाटणार.

6. सतरंजी गुंडाळली जाते. विधवेने पैशांऐवजी पायलीभर ज्वारी ठेवली आहे. तात्या ती उपरण्यात बांधून घरी नेतात. शिलेदाराच्या हप्त्याच्या दिवशी सावकार सकाळपासून खजिन्याच्या पायरीवर बसलेला असतो.